सातवीत दोनदा

मार्चचा दुसरा आठवडा लागला की मोरे सर स्टाफरूममध्ये माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे. बसायचे नाहीत. खुर्ची पुढे केली तरी नाही. शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढायचे, त्यावर दोन-तीन नावं असायची, आणि एरवी अख्ख्या मैदानावर ऐकू जाणारा आवाज एकदम खाली आणून म्हणायचे, "अक्कोर, एवढी दोन पोरं यंदा ठेवून घेऊया."

आमच्याकडे धारवाडात शिक्षिकेला अक्कोर म्हणतात. मी सप्तापूरच्या आमच्या शाळेत गणित शिकवते आणि बरीच वर्षं सातवीची वर्गशिक्षिका होते. 'ठेवून घेऊया' याचा अर्थ, पास झालेलं पोर पुन्हा सातवीतच बसवूया. आमचं हायस्कूल आठवीपासून सुरू होतं. यल्लाप्पा मोरे आमचे खेळाचे शिक्षक, आणि खो-खो हा त्यांचा जीव की प्राण. त्यांचं म्हणणं असं की आठवीतलं कोवळं पोर हायस्कूलच्या संघात घातलं की समोर दहावीची दांडगी पोरं येतात, ती याला लोळवतात, आणि पोराचं मन मोडतं ते कायमचं. त्यापेक्षा सातवीत एक वर्ष जास्त काढू द्यावं. त्या वर्षी स्पर्धा नाही, काही नाही. नुसतं खायचं, पळायचं आणि वाढायचं. मग हायस्कूलची तिन्ही वर्षं ते पोर इतरांपेक्षा वर्षाने मोठं.

"स्वल्प हण्णागली, अक्कोर," ते म्हणायचे. जरा पिकू दे. पोरांबद्दल ते नेहमी असंच बोलत. हे अजून हिरवं आहे, ते पाडाला आलंय. मी म्हणायचे, "सर, ही माणसाची पोरं आहेत, अळणावरचे आंबे नव्हेत." त्यावर ते मनापासून हसायचे आणि कागद तिथेच ठेवून जायचे.

पहिल्या वर्षी त्यांनी माझ्याकडे काय मागितलं ते सांगते. सुरेश नावाचा मुलगा होता, गणितात अठ्ठ्याहत्तर मार्क. मोरे सर म्हणाले, "याला तेवढं गणितात बसवा."

"म्हणजे?"

"म्हणजे नापास करा हो. मराठीच्या बाई तयार नाहीत."

मी पेपर त्यांच्यासमोर उघडून ठेवला. "कुठलं गणित चुकलंय ते दाखवा, मी मार्क कापते."

त्यांनी खरंच पेपर हातात घेतला आणि शेवटच्या पानापर्यंत उलटला. मग गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "अक्षर फार वाईट आहे."

मी नाही म्हटलं. ते चिडले नाहीत. चार दिवसांनी सुरेशच्या वडिलांचा अर्ज घेऊनच आले. मुलाची तब्येत नाजूक आहे, त्याला एक वर्ष सातवीतच ठेवावं, असा. तब्येत नाजूक असलेला तो मुलगा त्या वेळी खिडकीबाहेर दोरीवर चढत होता. पास झालेल्या पोराला शाळेने होऊन मागे ठेवायचं नाही, पण पालकांनीच लिहून दिलं तर हेडसरांचा नाइलाज होई. ते कुरकुरत सही करत. तेव्हापासून माझ्या नकाराला काही किंमत उरली नाही. मोरे सर सरळ पालकांकडे जायचे.

आणि जायचे म्हणजे कसे! एप्रिलच्या उन्हात बस पकडून गावोगाव. घरात जाऊन बसायचे नाहीत, उंबऱ्यावर बसायचे. पाणी आलं की प्यायचे, चहा आला की प्यायचे, आणि बाप हो म्हणेपर्यंत उठायचे नाहीत. शेतावर राबणारी, मिलमध्ये लाकडं ओढणारी माणसं. शाळेचा मास्तर आपल्या दारात बसलाय याच ओझ्याने ती अंगठा उठवत. मी एकदा म्हटलं, "सर, ही जबरदस्ती आहे." ते म्हणाले, "मी तर एक शब्द बोललो नाही. नुसता बसलो."

त्यांच्यावर रागवायचं म्हणजे सुद्धा एक कामच होतं, कारण माणूस हावरा नव्हता. 'ठेवून घेतलेल्या' पोरांसाठी रोज सकाळी घरून दुधाची किटली आणायचे. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी त्यांच्या बायकोच्या हातची. स्टाफरूमच्या दारावर पेन्सिलीने पोरांच्या उंचीच्या रेघा मारायचे. दाराला दोनदा नवा रंग दिला, दोन्ही वेळा महिन्याभरात रेघा परत. माझा सातवीचा तास अर्धा झाला की खिडकीत त्यांचं डोकं उगवायचं. "अक्कोर, दोघांना नेऊ?" मी फळ्याकडे तोंड करून "नाही" म्हणायचे. वळून बघेपर्यंत बाक रिकामे झालेले असायचे.

त्यांच्याकडे एक हुकमाचं पान होतं, संतोष. संतोषला त्यांनी सातवीत दोनदा बसवला होता. तो दहावीत राज्याच्या संघात गेला आणि पुढे खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात लागला. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन तो वर्दीत शाळेत आला, तेव्हा मोरे सरांनी त्याला हाताला धरून प्रत्येक वर्गात फिरवलं. शेवटी माझ्यासमोर आणून उभा केला. "अक्कोर, हा तुमच्याकडे दोन वर्षं होता बघा." मी पेढा घेतला. काय करणार? पोरगं खरंच आनंदात होतं, आणि मलाही आनंद झाला होता. त्यानंतर मी काहीही बोलले की त्यांचं एकच उत्तर, "संतोष?"

पण माझ्याकडेही एक नाव होतं.

एकदा आमचा पाण्याचा पंप दुरुस्तीला गोकुळ रोडवरच्या एका वर्कशॉपमध्ये टाकला होता. तो आणायला गेले तर ग्रीसने माखलेला एक तरुण पुढे आला आणि हात मागे लपवून म्हणाला, "अक्कोर, ओळखलासा काय?" मारुती होता तो. मोरे सरांनी ठेवून घेतलेला. आठवीच्या तोंडावरच त्याने शाळा सोडली होती.

"का सोडलीस रे?"

"काय न्हाई अक्कोर. तम्मा वर्गात आला न्हवं माज्या." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. "एकाच बाकावर दोघं. पोरं त्यालाच अण्णा म्हणूलालीती. मग काय जायचं?"

तो हसत होता. पंप त्याने स्वतः रिक्षात चढवून दिला. दुसऱ्या दिवशी मी मोरे सरांना मैदानावर गाठून हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते बराच वेळ चुन्याच्या फक्कीची रेघ मारत राहिले. मग म्हणाले, "पळायचा मात्र सुरेख."

मला त्या दिवशी शिट्टी त्यांच्या गळ्यातून काढून विहिरीत टाकावीशी वाटली होती.

आता रेणुकाचं सांगते. ते सांगताना मला माझी बाजू फार स्वच्छ ठेवता येणार नाही.

रेणुका अळणावरजवळच्या एका खेड्यातली. बाप परशुराम लाकडाच्या मिलमध्ये कामाला, आई शांतव्वा मजुरीला. गावात चौथीपर्यंत शिकून ती धारवाडला मावशीकडे आली. मावशी विद्यार्थ्यांच्या खोल्यांवर जेवणाचे डबे पोचवायची. मुलगी अशी की फळ्यावर गणित लिहून होईपर्यंत हिचं उत्तर तयार. आणि मैदानावर खो-खोच्या पाटीवर बसली की समोरच्याला ती उठली कधी हेच कळत नसे. ती सातवीत आली त्या वर्षी मी मार्चची वाट न बघता सरांना सांगून टाकलं, "हिच्या वाटेला जायचं नाही."

"हो हो," ते म्हणाले आणि एप्रिलमध्ये परशुरामच्या उंबऱ्यावर जाऊन बसले.

अर्ज माझ्यापुढे आला. वर्गशिक्षिकेचीही सही घ्यायची पद्धत होती; एरवी मी ती करायची नाही आणि हेडसर तिच्याशिवाय चालवून घेत. त्या महिन्यात आमच्या घरी सासूबाईंचं आजारपण होतं, मी दमले होते, आणि दरवर्षी तेच तेच भांडून कंटाळलेही होते. मी सही केली. रेणुका दारात उभी होती. तिने विचारलं, "अक्कोर, मी नापास झाले काय?"

"नाही ग. पहिली आलीस."

"मग?"

मी म्हटलं, "सरांना विचार."

हे वाक्य मला अजून टोचतं.

जूनमध्ये तिच्या मैत्रिणी वरच्या मजल्यावर आठवीत गेल्या. ही खाली माझ्याच वर्गात, तीच पुस्तकं, तीच गणितं. वर्षभर तिने एकदाही हात वर केला नाही. उत्तर विचारलं की द्यायची, बरोबर द्यायची, आणि खाली बसायची. मैदानावर मात्र मोरे सर म्हणाले तसंच झालं. पोरगी उंच झाली, दमाची झाली. आठवीत हायस्कूलच्या संघात, नववीत जिल्ह्यात नाव, दहावीत कप्तान. मोरे सर दारावरची तिची सर्वांत वरची रेघ मला दाखवायचे. "पिकलं बघा." मी मनात म्हणू लागले होते की असेल बाई, कदाचित याच वेळी हा माणूस बरोबर असेल.

दहावीच्या वर्षी संघाची नावं कळवली आणि एक अर्ज परत आला. रेणुकाचा. वय जास्त.

मोरे सर अर्ज घेऊन तसेच माझ्याकडे आले. त्या दिवशी प्रथमच ते खुर्चीवर बसले. "काहीतरी घोटाळा आहे अक्कोर. सोळाची सुद्धा नसेल ती."

आम्ही रजिस्टर काढलं. जन्मतारीख, एक जून. आमच्या भागातल्या निम्म्या पोरांची जन्मतारीख एक जून असते. आई-बापाला तारीख माहीत नसते, गावचा मास्तर पोराकडे बघून अंदाजाने साल लिहितो आणि शाळा सुरू व्हायचा महिना घालतो. रेणुका अंगाने थोराड, म्हणून तिचं साल मास्तरांनी एकाने मागे नेलं होतं. कागदावर ती दहावीच्या सुरुवातीलाच सतरा पूर्ण झालेली होती, आणि सतरा पूर्ण झालेल्याला हायस्कूलच्या स्पर्धेत उतरता येत नाही. सातवीतलं ते जास्तीचं वर्ष नसतं तर ती दहावीत सोळाची भरली असती, आरामात खेळली असती. मोरे सरांनी पोरीची उंची मोजली, दम मोजला, पोटऱ्या पाहिल्या. रजिस्टर पाहिलं नाही. आणि रजिस्टर माझ्या कपाटात होतं. मीही पाहिलं नाही.

संघ तिच्याशिवाय गेला. ती मैदानाच्या कडेला उभी राहून टाळ्या वाजवत होती असं ऐकलं. मी गेले नव्हते.

एवढ्यावर भागलं असतं तरी पुष्कळ. पण परशुरामने मुलीच्या बाबतीत एक शब्द दिला होता. अठरा होईपर्यंत शिकवीन, मग लग्न. तो शब्दाचा पक्का माणूस होता, आणि एक जूनला कागदावर ती अठरा पूर्ण होत होती. दहावीचा निकाल लागण्याआधीच दांडेलीकडचं स्थळ ठरलं. मावशी रडत शाळेत आली. "अक्कोर, एक वर्स मागं ठेवला नसतासा तर अकरावी तरी झाली असती पोरीची." ती हे माझ्याकडे बघून म्हणाली, पण मोरे सर दारात उभे होते. त्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या घरी. "चला."

"कुठं?"

"तिचा खरा जन्म शोधायला. कुठंतरी लिहिलेला असणार."

अळणावरच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. ते हातातलं तिकीट दुमडत होते. मग एकाएकी म्हणाले, "मी हायस्कूलला गेलो तेव्हा सगळ्यांत बुटका होतो. तीन वर्षं संघात होतो, पण पाणी द्यायला. दहावीची परीक्षा झाली आणि उन्हाळ्यात वीतभर वाढलो. तोवर शाळा संपली होती. एकच वर्ष पाहिजे होतं अक्कोर मला. एकच."

मी म्हटलं, "मग ते तुमचं तुम्ही घ्यायचं होतं. या पोरीचं कशाला घेतलंत?"

मला वाटलं आता चिडतील. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं आणि अळणावर येईपर्यंत वळवलेलंच ठेवलं. मी बोललेलं खरं होतं. तरी बोलले नसते तर बरं झालं असतं, असं उतरताना वाटलं.

गावच्या आरोग्य केंद्रात जुनी रजिस्टरं एका खोलीत ढिगाने पडली होती. तिथल्या सिस्टरबाई म्हणाल्या, "शोधा तुम्हीच." आम्ही दोन दिवस शोधलं. मला धुळीचा त्रास, मी शिंकत होते. मोरे सर एकेक पान बोटाने सरकवत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचं बोट थांबलं. परशुरामची बायको शांतव्वा, मुलगी, वजन सव्वातीन किलो. तारीख श्रावणातली, आणि साल शाळेतल्या सालाच्या पुढचं. येत्या जूनमध्ये रेणुका अठरा नव्हे, सतराचीसुद्धा पूर्ण होणार नव्हती.

तिथून आम्ही थेट परशुरामच्या घरी गेलो. मोरे सर उंबऱ्यावर बसले नाहीत. अंगणात उभे राहिले, हात जोडून. सगळं सांगितलं. कागद दाखवला.

परशुराम शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मास्तर, तुमीच सांगटलासा, एक वर्स थांबवा. थांबवलो. आता तुमीच सांगूलालासा, आनी एक वर्स थांबवा. पोरगी माजी की तुमची?"

"तुमचीच," मोरे सर म्हणाले. "चूक माझी."

"मला लोकांत तोंड दाखवायचं हाय. पावन्यांना काय सांगू?"

"मी सांगतो. मला न्या."

आणि ते गेले, खरंच गेले. परशुरामबरोबर दांडेलीला जाऊन त्या मंडळींसमोर म्हणाले की मुलीचं वय कागदावर चुकलंय, ती अजून लहान आहे, आत्ता लग्न केलंत तर तो गुन्हा ठरेल, आणि हा घोळ माझ्यामुळे वाढला, यांचा दोष नाही. त्या लोकांनी त्यांना काय काय ऐकवलं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. परशुरामने सांगितलं, "मास्तर मान खाली घालून सगळं ऐकला. मग म्या म्हटलो, चला आता." येताना बसमध्ये त्याने मोरे सरांचं तिकीट काढलं. मला वाटतं लग्न खरं मोडलं ते तिथे. कोर्टातून नवा जन्मदाखला हातात यायला पुढे सात महिने लागले.

रेणुका अकरावीला गेली, बारावी झाली. आता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, गणित घेऊन. खेळत नाही. बारावीत असताना एकदा घरी आली होती, तेव्हा मी विचारलं, "सरांशी बोलतेस ना?"

"बोलते की. फोन करते." मग म्हणाली, "सातवीचं सोडून सगळं बोलतो आम्ही."

मोरे सरांनी त्यानंतर एकही पोर ठेवून घेतलं नाही. पण म्हणून मला स्वस्थता लाभली असं नाही. आता ते मार्चची वाटच बघत नसत. बारा महिने तेरा काळ माझ्या कपाटाची किल्ली मागत. पाचवी, सहावी, सातवीतल्या एक जूनवाल्यांची यादी काढायची आणि त्यांच्या आई-बापांना गाठून खरी तारीख शोधायची, हा नवा नाद. निवृत्त झाले तरी नाद सुटला नाही. ऐन परीक्षेत, पेपर तपासताना, माझ्या जेवणाच्या सुट्टीत ते हजर. "अक्कोर, रजिस्टर." एकदा मी चिडून म्हटलं, "सर, अख्ख्या जिल्ह्याची पोरं पुन्हा जन्माला घालणार आहात का?" तर म्हणाले, "नाही, तुमच्या कपाटातलीच. बावीस राहिलीत."

गेल्या वर्षी ते गेले. हृदयविकाराने, दहा मिनिटांत. त्याच्या महिनाभर आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं. मी बँकेचं काम आटपून कोर्टावरून येत होते. नोटरीच्या टेबलापुढे फुटपाथवर गर्दी होती आणि त्या गर्दीत मोरे सर. नाकावर चष्मा, मांडीवर कुठल्यातरी जुन्या सालचं पंचांग. समोर एक खेड्यातली बाई उकिडवी बसली होती, पदर तोंडाला लावून. घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी मला पाहिलं नाही, आणि मीही हाक मारली नाही, कारण मारली असती तर रजिस्टर मागितलं असतं. चार पावलांवर उभी राहून ऐकत राहिले.

"श्रावण म्हणालीस, बरोबर?"

"व्हय."

"सोमवार?"

"सोमवारच. उपास हुता मला."

"अगं बाई, श्रावणात सोमवार चार येतात. कुठला?"

बाईने खूप विचार केला. मग म्हणाली, "लई चिखल हुता बघा, मास्तर."

मोरे सरांनी कपाळावर हात मारून घेतला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला.

"बरं," ते म्हणाले, "पहिल्या सोमवारपासून सांग. काय काय केलंस त्या दिवशी?"